प्रागचे मनोरे आणि कॅमेरा: कुठलं तिकीट कधी वसूल होतं

प्रागला ‘शंभर मनोऱ्यांचं शहर’ म्हणतात. त्यातले सात-आठ मनोरे तिकीट काढून चढता येतात आणि प्रत्येकाच्या दारावर ‘इथूनच सगळ्यात सुंदर प्राग दिसतं’ अशा अर्थाची पाटी असते. डोळ्यांपुरतं ते बहुतेक ठिकाणी खरंही आहे, पण कॅमेऱ्याचा हिशेब निराळा. जो मनोरा जूनच्या दुपारी तीनला तुमचे पैसे पाण्यात घालतो, तोच डिसेंबरात साडेचारला आयुष्यभर जपावा असा फोटो देतो. म्हणून मनोऱ्यांचं हे परीक्षण फक्त फोटोच्या बाजूने केलं आहे. इतिहासाची दालनं, प्रदर्शनं, स्मरणवस्तूंची दुकानं यांचा त्यात विचार नाही.

आधी उजेडाचं गणित, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. प्राग 50 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो 47 अंशांच्या वर असतो. म्हणजे आपल्याकडे सकाळी आठला मिळतो तसा तिरपा, लांब सावल्यांचा उजेड प्रागला हिवाळ्यात दिवसभर मिळतो, अर्थात ढग नसतील तर. जूनमध्ये उलट: सूर्य 63 अंशांवर चढतो, दगडी कोरीवकाम सपाट दिसतं, लाल कौलं फिकी पडतात. दुसरी गोष्ट संधिप्रकाशाची. आपल्याकडे दिवस मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो, प्रागला मात्र हाच काळ चाळीस मिनिटांच्या आसपास रेंगाळतो. आकाश गडद निळं, दिवे लागलेले आणि इमारतींचा दगड अजून वाचता येतोय, अशी ती दिवेलागणीची वेळ. मनोऱ्याचं तिकीट काढायचं ते याच वेळेसाठी.

आता खरी मेख. मनोरे उन्हाळ्यात साधारण रात्री नऊपर्यंत आणि हिवाळ्यात साधारण संध्याकाळी सहापर्यंत किंवा थोडे पुढे उघडे असतात. जूनच्या उत्तरार्धात प्रागचा सूर्यास्त सव्वानऊच्या सुमारास होतो आणि आकाशाला हवा तो निळा रंग पावणेदहाला चढतो. तोवर तुम्हाला खाली उतरवून दाराला कुलूप लागलेलं असतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त चारला आणि निळा रंग सव्वाचार ते पावणेपाच. तेव्हा सगळे मनोरे सताड उघडे! मे ते जुलै या महिन्यांत दिवेलागणीसाठी मनोऱ्याचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, आणि थंडी नको असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. तेव्हा सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि मनोऱ्यांच्या वेळा अजून उन्हाळ्याच्याच असतात.

पहिला मान चार्ल्स ब्रिजच्या जुन्या शहराकडच्या मनोऱ्याचा. चेक पाट्यांवर ‘स्तारोम्येस्त्स्का मोस्तेत्स्का व्येझ’ असं लांबलचक नाव दिसेल. ‘व्येझ’ म्हणजे मनोरा, एवढं लक्षात ठेवलं तरी पाट्या कळतात. चढायला 138 पायऱ्या. वर गेल्यावर पायाशी अख्खा पूल पसरलेला असतो: 516 मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, आणि पलीकडे उजव्या हाताला टेकडीवर किल्ला. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कथीड्रल इथून साधारण एक किलोमीटरवर आहे. हे अंतर फोटोसाठी फार सोयीचं आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 ते 35 मिमीच्या लेन्समध्ये पूल आणि किल्ला दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात. 85 मिमीला किल्ल्याची सगळी रांग भरून येते, 200 मिमीला नुसतं कथीड्रल. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर या आकड्यांना दीडने भागा.

सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि किल्ल्यावर थेट ऊन पडतं. पण मनोरा उघडतो नऊ-दहाला, तोवर उन्हाळ्यात ते ऊन कडक झालेलं असतं. हिवाळ्यात दहाचं ऊनही मऊ असतं, म्हणून तेव्हा सकाळचं तिकीटही वाया जात नाही. संध्याकाळी जूनमध्ये एक खास संधी आहे. उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवसाच्या आसपास सूर्य इथून नेमका कथीड्रलच्या मागे उतरतो. घड्याळातला सूर्यास्त सव्वानऊचा असला, तरी किल्ला उंचावर असल्याने सूर्य सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यानच कथीड्रलच्या शिखरांमागे जातो. सव्वानऊच्या भरवशावर उशिरा वर जाणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही. आठला वर पोचा, एक्स्पोजर आकाशावर मोजा, दोन स्टॉप (म्हणजे उजेड पाव) खाली आणा आणि शिखरांच्या काळ्या आकृत्या टिपा. डिसेंबरात सूर्य याच्या खूप डावीकडे, नैर्ऋत्येला मावळतो. किल्ल्यावर तेव्हा डावीकडून आडवं, केशरी ऊन पडतं आणि भिंतीची घडी न् घडी उठून दिसते.

उणी बाजूही आहे. वरचा सज्जा अरुंद आहे आणि किल्ल्याकडची बाजू प्रत्येकालाच हवी असते. ट्रायपॉड मांडला तर वाट बंद होते, त्यामुळे तो खालीच राहू द्या. हातात कॅमेरा धरून दिवेलागणीला काम करायचं असेल तर लेन्स कठड्यावर टेकवा, खाली घडी घातलेला मफलर ठेवा, आयएसओ 1600 ते 3200, अ‍ॅपर्चर एफ/4, शटर 1/30 च्या आसपास, आणि एका फ्रेमचे पाच-सहा फोटो सलग घ्या. त्यातला एक तरी धारदार निघतोच. पट्टा मनगटाला गुंडाळलेला हवा. खाली माणसांची गर्दी आहे. एवढं सांभाळलंत आणि प्रागमध्ये एकाच तिकिटाचे पैसे असतील, तर ते इथेच घाला.

त्याच पुलाच्या दुसऱ्या टोकाला माला स्ट्रानाकडचा, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीकडचा मनोरा आहे, 146 पायऱ्यांचा. इथे दिशा उलटी होते. नजर पूर्वेकडे, जुन्या शहराकडे जाते, म्हणजे दुपारनंतरचा सूर्य पाठीशी. जुन्या शहराकडून सकाळी आणि माला स्ट्रानाकडून संध्याकाळी टिपायचं, हा नियम प्रागभर चालतो. फोटो छान येतो, पण किल्ला तुमच्या पाठीमागे जातो आणि पुलाच्या चित्रातला प्राणच किल्ला आहे. दोन्हीतला एकच निवडायचा तर हा मागे राहतो.

याच बाजूला, पाच मिनिटांच्या चालीवर, सेंट निकोलस चर्चचा घंटामनोरा आहे. फार कमी पर्यटक तो चढतात आणि हे मोठं नुकसान आहे. पायऱ्या 215. चर्चचं तिकीट वेगळं, मनोऱ्याचं वेगळं, दारंही वेगळी. घाईत चुकीच्या रांगेत उभं राहू नका. कम्युनिस्ट राजवटीत गुप्त पोलीस इथून आसपासच्या दूतावासांवर पाळत ठेवत. त्यांनी ही जागा उगाच निवडली नव्हती, इथून सगळं दिसतं. फोटोच्या दृष्टीने इथलं धन म्हणजे चर्चचा हिरवट तांब्याचा घुमट. तो हाताला लागेल इतका जवळ आहे. 24 मिमीमध्ये त्याची अर्धी गोलाई, मागे लाल कौलांची उतरंड आणि त्याही मागे शहर, अशी तीन थरांची फ्रेम प्रागमध्ये दुसरीकडे मिळत नाही. घुमटाच्या तांब्यावर चढलेला हिरवा गंज सपाट हिरवा नसतो. पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथे तो काळपट पट्ट्यांनी चिरलेला असतो आणि पत्र्यांच्या सांध्यांवर उजळ रेघा असतात. 85 मिमी लावून नुसता हा पोत टिपला तरी तिकीट वसूल. ढगाळ दिवशी तर हा हिरवा रंग अधिक खुलतो. दुपारी तीननंतर उजेड पुलाकडे आणि जुन्या शहराकडे जातो, तेव्हा 100 मिमीच्या पुढची लेन्स लावून पुलाचे मनोरे आणि जुन्या शहराच्या चौकातल्या टीन चर्चची जोडशिखरं एकाच फ्रेममध्ये आणता येतात. किल्ला मात्र इथून फार जवळ आणि वर दिसतो, त्याचा फोटो दबलेला येतो.

जुन्या शहराच्या चौकातला टाउन हॉलचा मनोरा सर्वांत लोकप्रिय. त्याला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांना हा मनोरा निर्धास्त सुचवता येतो. इथला मुख्य विषय टीन चर्च. त्याची 80 मीटर उंचीची दोन शिखरं समोर चौकापलीकडेच आहेत. नीट पाहा, दोन्ही सारखी नाहीत: उजवीकडचं, म्हणजे दक्षिणेचं, जरा जाडजूड आहे. कॅमेरा तिरपा धरला तर फरक लेन्सचा वाटतो, म्हणून कॅमेरा सरळ पातळीत धरा, वरची जागा जास्त ठेवा आणि खालचा भाग नंतर कापा. शिखरं मागे कललेली दिसण्याची तक्रार निम्मी तिथेच संपते.

चर्चचा दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्याने सकाळी तो सावलीत असतो. ग्रुप टूर नेमक्या सकाळी दहा-अकराला चौकात येतात, आणि आपल्याकडच्या मध्य युरोपच्या सहलींच्या अल्बममध्ये टीन चर्च काळवंडलेलं दिसतं ते यामुळे. दुपारी चारनंतर उन्हाळ्यात तिथे सोनेरी ऊन पडतं. पण उशीर केलात तर टाउन हॉलच्या मनोऱ्याची स्वतःची सावली चौकावर लांबत जाते आणि फ्रेमच्या मधोमध काळा पट्टा येतो. सूर्यास्तापूर्वी तास-दीड तास ही मधली वेळ बरी.

या मनोऱ्याचा सुवर्णकाळ डिसेंबर. नोव्हेंबरच्या अखेरीपासून चौकात नाताळचा बाजार भरतो, मोठं झाड उभं राहतं आणि साडेचारला वरून पाहिलं की दुकानांच्या छपरांमधून पिवळा उजेड पाझरत असतो. इथे व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. कॅमेरा पिवळेपणा पुसून टाकतो. 3800 ते 4200 केल्विनच्या दरम्यान हाताने लावा, म्हणजे दिवे उबदार आणि आकाश निळं, दोन्ही राहतं. त्याच दिवसांत वर सर्वाधिक गर्दीही असते. सज्जा इतका चिंचोळा की एका जागी पाच मिनिटं उभं राहणं कठीण. लिफ्टच्या रांगेला अर्धा तास धरून साडेतीनलाच खाली पोचायला हवं.

याच इमारतीच्या दक्षिण भिंतीवर 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे, ओर्लॉय. त्यासाठी तिकीट लागत नाही. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात आणि सांगाडा घंटा वाजवतो. सगळा खेळ मिनिटभरात आटपतो. खिडक्या लहान आणि उंचावर असल्याने मोबाइलच्या साध्या लेन्सने त्यात ठिपकेच येतात. निदान तिप्पट झूम किंवा 135 मिमी हवं. जवळ जाऊन मान वर करण्यापेक्षा वीस-पंचवीस पावलं मागे राहा, तबकड्या कमी तिरप्या येतात. सांगाड्याचा हात हलतो म्हणून शटर 1/125 च्या खाली नेऊ नका. नुसत्या तबकड्यांचा फोटो हवा असेल तर पहाटे या. तासाच्या ठोक्याला समोर डोकी आणि वर धरलेले मोबाइलच दिसतात.

कथीड्रलचा दक्षिण मनोरा आणि पेट्रिनचा मनोरा यांत बहुतेकांचा घोळ होतो. कथीड्रलच्या मनोऱ्याला 287 पायऱ्या, गोल जिना, आणि वरून लांबवर पूल दिसतात. जागा भव्य आहे, यात शंका नाही. पण किल्ल्याच्या मनोऱ्यावरून किल्ल्याचंच शिखर फ्रेममध्ये नसतं आणि त्याच्याविना प्राग कुठल्याही लाल कौलांच्या शहरासारखं दिसतं. कॅमेऱ्यासाठी मी हे तिकीट सुचवणार नाही. त्यापेक्षा खाली कथीड्रलमध्ये वेळ घालवा: 1344 साली सुरू होऊन 1929 साली पुरी झालेली वास्तू, आणि आत चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी. आत ट्रायपॉड आणि फ्लॅश चालत नाहीत. काचेवर एक्स्पोजर मोजा, खांब काळे पडू द्या. खांब उजळवायला गेलात तर काचेतले रंग पांढरे होतात आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत.

पेट्रिन टेकडीवरचा लोखंडी मनोरा 1891 सालचा, 63.5 मीटर उंच, 299 पायऱ्यांचा. आयफेल टॉवरची धाकटी बहीणच. कथीड्रल इथून जेमतेम नऊशे मीटरवर आणि तेही उत्तरेला, म्हणजे किल्ल्याची दक्षिण बाजू दिवसभर उजेडात. दुपारी दोन ते पाच ऊन तुमच्या पाठीशी. भरदुपारीही चांगला किल्ला देणारा मनोरा हा एकच, त्यामुळे वेळापत्रक हातात नसणाऱ्यांनी इकडे यावं. 100 ते 135 मिमी पुरेसं आहे. त्रास काचांचा. वरचा कक्ष काचबंद आहे आणि काचेवर बोटांचे ठसे, आतल्या दिव्यांची झळक. उपाय सोपा: पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, रबरी लेन्सहूड काचेला चिकटवा किंवा काळ्या जॅकेटची बाही लेन्सभोवती गुंडाळा, आणि अंगात गडद कपडे घाला. पांढरा शर्ट हमखास प्रतिबिंबात येतो. वारा असेल तर मनोरा जाणवेल इतका हलतो. तेव्हा 1/250 च्या खाली जाऊ नका.

क्लेमेन्टिनुम या जुन्या जेझुइट विद्यालयाचा खगोलीय मनोरा, 68 मीटरचा, फक्त मार्गदर्शकासोबत चढता येतो. 1775 पासून इथे हवामानाची रोजची नोंद ठेवली जाते, हे ऐकून जीव हरखतो. वरचं दृश्य चारही बाजूंना उत्तम. पण वरचा वेळ तुमच्या हातात नसतो आणि सुप्रसिद्ध बरोक ग्रंथालयात फोटो काढू देत नाहीत. ग्रंथालय डोळ्यांनी पाहायचं असेल तर जरूर जा, फोटोंसाठी नको. पावडर गेट हा जुन्या शहराच्या वेशीवरचा मनोरा, 186 पायऱ्या, सकाळी बरा: टीन चर्चची मागची बाजू उन्हात येते. इतर वेळी सोडून द्यावा.

आणि तिकिटाशिवाय? लेत्नाच्या बागेतून, हनाव्हस्की मंडपाच्या आसपास, व्लताव्हा नदीवरचे पूल एकामागे एक रांगेत दिसतात. 100 ते 200 मिमीमध्ये ते एकमेकांवर रचल्यासारखे येतात. नजर दक्षिणेकडे असल्याने हिवाळ्याच्या दुपारी सूर्य थेट समोर असतो, ती वेळ टाळा. इथे कुलूप नाही, ट्रायपॉड ऐसपैस मावतो. म्हणजे मे-जुलैमध्ये मनोरे बंद झाल्यावर पावणेदहाला जायची जागा हीच: आयएसओ 100, एफ/8, दहा ते पंधरा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. चार्ल्स ब्रिजवरही ट्रायपॉड चालून जातो, पण पहाटेच. जूनमध्ये सूर्य पाचला उगवतो, साडेचारला पूल रिकामा असतो आणि गॅसचे दिवे तेवत असतात. त्यांचा उजेड एलईडीपेक्षा पिवळा आणि मऊ. दगडी पुतळ्यांच्या काळवंडलेल्या गालांवर तो जेमतेम पोचतो, म्हणून पुतळा दिव्याच्या शेजारचा निवडा. साडेसहानंतर माणसं सुरू होतात.

हिवाळ्यात चढायचं ठरलं तर दोन गोष्टी गाठीला बांधा. बॅटरी शून्याखाली झपाट्याने उतरते, म्हणून जास्तीची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि सज्ज्यावरून उबदार खोलीत किंवा ट्राममध्ये शिरण्याआधी कॅमेरा झिप लागणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, तासभर उघडू नका. नाहीतर गार लेन्सवर दव धरतं, ते आतल्या काचेवर बसलं तर त्या संध्याकाळचं काम तिथेच थांबतं. कार्ड त्याआधीच काढून घ्या, म्हणजे फोटो पाहायला पिशवी उघडावी लागणार नाही.

शेवटचा प्रवेश बहुधा मनोरा बंद व्हायच्या अर्धा तास आधी थांबतो. वेळा महिन्यागणिक बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री त्या दिवसाचा सूर्यास्त आणि मनोऱ्याची बंद व्हायची वेळ शेजारी शेजारी लिहून काढा. सूर्यास्तानंतर मनोरा निदान पाऊण तास उघडा असेल, तरच दिवेलागणीचं तिकीट काढा.